सिद्धरामा, त्यांना उतरू दे

हे सिद्धरामेश्वरा, सोलापूरच्या धन्या, तुझ्यापुढे हात जोडले की आमच्या तोंडून आधी पाणीच मागितलं जातं. पाऊस वेळेवर पडू दे, उजनी धरण भरू दे, नळाला पाणी येऊ दे. दुष्काळी मुलखाचं हे गाऱ्हाणं तुला नवं नाही. आज मात्र मागणं निराळं आहे. ज्यांच्या चहूकडे पाणीच पाणी आणि पायाखाली जमीन नाही, अशा माणसांसाठी आज पदर पसरायचा आहे. जहाजावरच्या बोसनसाठी, ऑइलरसाठी, भटारखान्यातल्या कुकसाठी, पहिल्यांदाच बोटीवर चढलेल्या कॅडेटसाठी, आणि त्यांची वाट बघत बसलेल्या घरांसाठी. कोरोनाच्या साथीत जग त्यांच्याशी कसं वागलं ते तू पाहिलं आहेस. तसं पुन्हा होऊ नये, म्हणून हे सगळं तुझ्या कानावर घालते आहे.

सोलापूरला समुद्राचं काय, असं कुणी विचारील. मुंबईची गोदी इथून चारशे किलोमीटरवर. आमच्यातल्या कित्येक म्हाताऱ्याकोताऱ्यांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नाही. पण देवा, बाराव्या शतकात तू या गावच्या माणसांना हाताशी धरून तळं खणलंस, ते येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही पाणी मिळावं म्हणून. ज्याचं नावगाव ठाऊक नाही त्याच्या तहानेची काळजी वाहायची, हा तुझ्या गावाचा धर्म. त्याच धर्माला धरून हे मागणं आहे.

आणि खरं सांगायचं तर समुद्र आमच्या घरात रोज येतो. शेगडीत जळणारा गॅस निम्म्याहून जास्त परदेशातून येतो, बराचसा आखातातून, जहाजांनी. फोडणीचं पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं. तुरीचं पीक हातचं गेलं की आफ्रिकेतून आणि म्यानमारमधून तूर येते, तेव्हा आमच्या ताटात वरण पडतं. इथून जाणारा मालही थोडा नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागांवर विणलेले टॉवेल, सांगोल्याची डाळिंबं, करमाळ्याची केळी कंटेनरमध्ये बसून न्हावा-शेव्याच्या बंदरातून परमुलखाला निघतात. जगाच्या व्यापारातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल पाण्यावरून जातो, आणि तो हाकणारी माणसं सारी मिळून पंधरा-वीस लाख. त्यांत आपल्या देशाची दोन लाखांहून अधिक. आमच्या भाकरीवरचं तेल आणि आमच्या विणकराची मजुरी त्यांच्या हातांतून जाते. त्यांचे हात आम्हाला कधी दिसले नाहीत, तरी ते ऋण आज तुझ्यासमोर मान्य करते.

देवा, तुझ्या गावानं समुद्राला एक माणूसही दिला. वालचंद हिराचंद १८८२ साली इथे, सोलापुरात जन्मले. समुद्रावर इंग्रज कंपन्यांचा मक्ता होता, हिंदी माणसानं आपल्या मालकीची बोट विलायतेला न्यावी हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या काळात त्यांनी सोबत्यांना घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, आणि वालचंद स्वतः तिच्यावर होते. ही बोट आधी काय होती हेही तुला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात ती जखमी शिपायांची इस्पितळ-बोट होती. आजाऱ्यांना वाहून नेणारी बोट देशाच्या व्यापाराची बोट झाली, ही मला तुझीच खूण वाटते. १९६४ पासून ५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

‘लॉयल्टी’ निघाली तेव्हा देश एका महामारीतून उठत होता. १९१८च्या मे अखेरीस सैनिकांना घेऊन एक जहाज मुंबईला लागलं. १० जूनला सात पोलीस शिपाई तापानं फणफणून दवाखान्यात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. मग गोदीतली माणसं, पोर्ट ट्रस्टची माणसं, कचेऱ्यांतले कारकून एकामागून एक आडवे झाले. ताप रेल्वेत बसून देशभर पसरला आणि एक कोटीहून जास्त माणसं घेऊन गेला. त्या शिपायाचं नाव इतिहासानं टिपून ठेवलं नाही. साथ दारात येते तेव्हा पहिला वार झेलणारा बहुधा असाच असतो, दाराशी उभा राहून बाकीच्यांचं काम चालू ठेवणारा. त्याच्या आत्म्याला शांती दे. त्याच्यासारख्या बिननावाच्या सगळ्यांचा हिशेब तुझ्या वहीत तरी नीट लिहिलेला असू दे.

हे दयाघना, आता आमच्या काळाची गोष्ट.

बोटीवर चढताना माणूस साइन ऑन करतो, उतरताना साइन ऑफ. अधिकाऱ्याचा करार चार-सहा महिन्यांचा, खालच्या हुद्द्याच्या माणसाचा बहुधा नऊ महिन्यांपर्यंतचा. २००६च्या सागरी कामगार करारानं जगाला बांधून घातलं आहे की बारा महिन्यांच्या आत नाविकाला घरी पाठवावंच लागेल. हे काही त्यांचे लाड नाहीत. इंजिन रूममध्ये चाळीस अंशांच्या वर उकाडा, कानावर यंत्रांचा अखंड घरघराट, चार तास वॉच, आठ तास सुटी, पुन्हा चार तास वॉच, आणि त्या सुटीतही दुरुस्तीची, साफसफाईची कामं. रविवार नाही, दिवाळी नाही. शिणलेल्या माणसाच्या हातून एक झडप उघडी राहिली तर सगळी बोट धोक्यात येते. म्हणून त्याला ठरल्या वेळी जमिनीवर उतरवायचं, घरचं जेवू द्यायचं, पोराला कडेवर घेऊ द्यायचं.

२०२०च्या मार्चमध्ये विमानं थांबली, सरहद्दी बंद झाल्या. बदली माणूस बोटीपर्यंत पोचेना आणि बोटीवरच्या माणसाला घरी जाता येईना. बंदरं मात्र चालू राहिली, कारण माल सगळ्यांना हवा होता. औषधं हवी होती, धान्य हवं होतं, तेल हवं होतं. माल उतरला, माणूस उतरला नाही. त्या दोन वर्षांची सगळी व्यथा देवा, या एवढ्यात आली.

बोट धक्क्याला लागायची, गँगवे, म्हणजे उतरायचा जिना, खाली सुटायचा. त्याच्या तोंडाशी एक खलाशी मास्क लावून उभा, एका हातात तापमापीची बंदूक, दुसऱ्या हातात नोंदवही. बोटीला वाट दाखवायला वर येणारा बंदराचा पायलट अंगभर पांढरा पोशाख चढवून यायचा, कुणाच्या हातात हात द्यायचा नाही, काम उरकून निघून जायचा. क्रेन कंटेनर उचलायची, ट्रक भरून जायचे. वीस पावलांवर जमीन, तिथे चहाची टपरी, फोनला रेंज, चालायला रस्ता. आणि त्या खलाशाला गँगवे उतरायची मुभा नव्हती. माल रिकामा झाला की दोर सुटायचे आणि बोट पुन्हा पाण्यात.

२०२०च्या अखेरीस असे सुमारे चार लाख नाविक करार संपूनही बोटींवर अडकलेले होते. काहींना दीड वर्ष जमिनीचा स्पर्श झाला नाही. जवळजवळ तेवढेच घरी बसून बोटीची वाट बघत होते, कारण करार नाही तर पगार नाही. ‘जग आनंद’ नावाचं आपल्याकडचं जहाज ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन त्या वर्षी जूनमध्ये चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. त्यावर तेवीस भारतीय होते. ना माल उतरवायची परवानगी, ना माणसं बदलायची. साथीच्या नियमांवर बोट ठेवलं गेलं. जूनचा जानेवारी झाला तेव्हा जहाज जपानला नेऊन त्यांना उतरवलं आणि ती माणसं घरी आली. तोवर समोर परक्या देशाचा किनारा दिसत होता, आणि मागे सोडलेल्या घरात सणवार त्यांच्याविना होत होते. ते परत आले, त्यासाठी तुझे उपकार.

भीतीच्या त्या दिवसांतही ज्यांनी दार उघडलं त्यांच्यासाठीही तुझे उपकार. एप्रिल २०२०मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ हे प्रवासी जहाज जवळजवळ दीडशे भारतीय कर्मचारी घेऊन मुंबईबाहेर समुद्रात थांबलं होतं. नाविकांना तपासून कसं उतरवायचं, विलगीकरणात कसं ठेवायचं, घरापर्यंत कसं पोचवायचं, याचे नियम सरकारनं त्याच आठवड्यात ठरवले. २३ तारखेला ती माणसं बॅलार्ड पियरवर उतरली. तपासणी करणारे डॉक्टर होते, कागद तयार करणारे कारकून होते, धक्क्यावर उभे राहणारे पोलीस होते. जीव त्यांचाही होता, भीती त्यांनाही होती. दार उघडूनही साथ रोखता येते, हे त्यांनी करून दाखवलं. त्यांना उदंड आयुष्य दे.

देवा, आम्हाला ही व्यथा कळायला फार लांब जायची गरज नव्हती. आमच्याच जिल्ह्यात, पंढरीत, १७ मार्च २०२०ला विठ्ठलाच्या मंदिराचे दरवाजे मिटले. आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं आल्या, १ जुलैला महापूजा झाली, पण वारकरी घरीच राहिला. पिढ्यान् पिढ्यांची वारी चुकली म्हणून म्हातारी माणसं ढसाढसा रडली. दिवाळीच्या पाडव्याला दरवाजे उघडले तेव्हा कुठे जिवात जीव आला. बंदराबाहेर नांगर टाकून किनाऱ्याचे दिवे बघत बसलेला खलाशी आणि दुरून कळसाला हात जोडणारा वारकरी यांची तळमळ एकच. एवढंच की वारकऱ्याच्या पाठीशी अख्खा महाराष्ट्र उभा होता, आणि त्या खलाशाच्या पाठीशी कोण आहे हे त्याला कळत नव्हतं.

५ एप्रिल २०२०ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं आम्ही घरातले दिवे घालवून दारात पणत्या लावल्या. डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी, सफाई कामगारांसाठी लावल्या, ते योग्यच झालं. तो दिवस सागरी दिनाचा होता. ‘लॉयल्टी’ निघाल्याला त्या दिवशी १०१ वर्षं झाली होती. त्या पणत्यांतली एक समुद्रावरच्यांसाठी लावावी हे वालचंदांच्या गावात किती जणांच्या मनात आलं असेल? पुढे १ मेला, कामगार दिनी, दुपारी बाराच्या ठोक्याला जगभरच्या बंदरांत उभ्या जहाजांनी भोंगे वाजवले. आम्हाला विसरू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. भोंग्याचा अर्थ सोलापूरला शिकवावा लागत नाही. गिरण्यांच्या भोंग्यावर या गावाच्या पिढ्या उठल्या, जेवल्या, पाळीला गेल्या. तेव्हा सिद्धरामा, समुद्रावरून आलेली हाक या गावाच्या कानात राहू दे.

सगळेच काही मोठ्या जहाजांवर नव्हते. तलासरी-डहाणूकडचे आदिवासी गडी दरसाल गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. टाळेबंदी लागली, मासेमारी थांबली, तेव्हा त्याच बोटींनी ते घरच्या वाटेला लागले. एप्रिल २०२०च्या सुरुवातीला त्या बोटी उंबरगाव-नारगोळच्या किनाऱ्याजवळ आल्या आणि पाण्यातच अडकल्या. किनाऱ्यावरची गावं साथीच्या धास्तीनं त्यांना उतरू देईनात. तिथून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात मासळी घातली, त्यांनी आपल्या गावापासून काही कोसांवर बोटीत दाटीवाटीनं वाट बघायची. किनाऱ्यावरची माणसंही दुष्ट नव्हती देवा, घाबरलेली होती. म्हणून मागणं दोघांसाठी आहे. उतरणाऱ्याला जमीन दे, आणि उतरू देणाऱ्याच्या मनातली भीती काढून घे. रत्नागिरीच्या बोटींवर राबणारा नेपाळी खलाशी, केबिनमध्ये गावच्या सायबिणीची, मेरीमातेची, तसबीर लावणारा गोव्याचा तारवटी, लक्षद्वीपचा, केरळचा, फिलिपिन्सचा, हे सगळे तुझेच. तुझ्या गावात मराठी, कानडी, तेलुगू एकाच गल्लीत नांदतात. तुला भाषेचा आडपडदा नाही.

सिद्धरामा, आता एक गोष्ट हळूच सांगायची आहे, कारण ती सांगताना जीभ अडखळते.

लहानपणी रानात गुरं राखताना तुला मल्लय्या भेटला. त्यानं दहीभात मागितला. तू धावत घरी गेलास, घेऊन आलास, आणि तो तिथे नव्हता. ‘मल्लय्या, मल्लय्या’ म्हणत तू त्याला शोधत सुटलास, यात्रेकरूंबरोबर श्रीशैलापर्यंत गेलास. तिथेही तो दिसेना, तेव्हा कड्यावरून स्वतःला झोकून द्यायला निघालास. आणि त्याच क्षणी मल्लिकार्जुनानं तुझा हात धरला. तुला परत सोन्नलगीला, म्हणजे या सोलापूरला, पाठवलं, तळं खणायला, माणसांत राहायला. आमच्या आज्या ही गोष्ट सांगताना डोळ्यांना पदर लावतात.

देवा, त्या दोन वर्षांत समुद्रावरही काही जण कठड्याशी उभे राहिले. करार संपलेला, घरी जायची तारीख कुणी सांगेना, रोज नवी तारीख आणि रोज ती पुढे ढकललेली. उपग्रहाच्या इंटरनेटचं कार्ड चार मिनिटांत संपायचं, घरचा आवाज अर्ध्यात तुटायचा. आपण बरे आहोत असं घरच्यांना सांगायचं, घरच्यांनीही सगळं ठीक आहे असं सांगायचं, आणि दोन्हीकडे रात्र जागून काढायची. त्या ओझ्याखाली काहींनी आपला जीव संपवला. त्यांचा हात धरायला कुणी वेळेवर पोचलं नाही. त्यांना तू जवळ घे. कुणी त्यांना भेकड म्हणत असेल तर त्याची जीभ आवर. आणि आज रात्री कुठल्याही समुद्रावर, कुठल्याही बोटीच्या कठड्याशी कुणी एकटा उभा असेल, तर त्याचा हात धर. कड्यावर हात धरला जाणं म्हणजे काय, हे देवांमध्येही तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? त्याच्या शेजारच्या केबिनमधल्या सोबत्याला जाग येऊ दे, त्याला चहा करून द्यायची, चार शब्द बोलायची बुद्धी होऊ दे. कप्तानाला आपल्या माणसांचे चेहरे वाचता येऊ देत.

आजाऱ्यांसाठी तुला काय सांगू? मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. औषधाची पेटी असते, ती बहुधा सेकंड ऑफिसरच्या ताब्यात, आणि दुखणं वाढलं तर रेडिओवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारायचं. एरवी जवळच्या बंदरावर माणूस उतरवतात. साथीत बंदरांनी तेही नाकारलं. छातीत कळ आली, अर्धांगवायूचा झटका आला, दाढ सुजली, सगळ्यांना उत्तर एकच, इथे नको. २०२१च्या एप्रिलमध्ये एका इटालियन जहाजाचा कप्तान बोटीवरच कोरोनानं गेला. त्याचा देह उतरवून घ्यायला एकामागून एक देशांनी नकार दिला. शेवटी जहाज मार्ग सोडून त्याला घेऊन इटलीलाच परतलं, तोवर जून उजाडला होता. त्याच्या सोबत्यांनी ते आठवडे कसे काढले असतील, ते तूच जाण. मेलेल्यालाही माती नाकारणारं भय पुन्हा माणसाच्या मनात शिरू देऊ नकोस.

याच गावचा एक मुलगा दुखणाइतांसाठी समुद्र ओलांडून गेला होता. द्वारकानाथ कोटणीस, १९१० साली सोलापुरात जन्मलेला. १९३८मध्ये मुंबईहून बोटीत बसून तो चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२च्या डिसेंबरात तिथेच गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. आपलं गाव, आपला देश, आपली भाषा काही न बघता त्यानं परक्या माणसाच्या जखमेवर हात ठेवला. त्याचं स्मारक या गावात आहे. प्रत्येक बंदरात एक तरी कोटणीस असू दे, परक्या बोटीवरच्या आजाऱ्याला आधी उतरवून घेणारा आणि कागद नंतर बघणारा.

आणि २०२१चा तो एप्रिल-मे. दुसरी लाट आपल्यावर तुटून पडली. खाट मिळेना, सिलिंडर मिळेना, स्मशानात रांगा. सिंगापूरसारख्या बंदरांनी भारतातून आलेल्या नाविकांना मज्जाव केला. कुठे बोटीवर एखाद्या फिटरला बापाच्या मृत्यूची बातमी फोनवर आली आणि अंत्यविधी त्यानं हातातल्या पडद्यावर पाहिला. अर्ध्यात चित्र थांबलं, आणि वॉचची वेळ झाली म्हणून तो बॉयलर सूट चढवून खाली इंजिनाकडे गेला. त्याचं सुतक तू मनावर घे. त्याच दिवसांत आखातातून आणि सिंगापुरातून नौदलाच्या जहाजांनी द्रवरूप प्राणवायूचे टँक आणले, आपल्या माणसांच्या नाकातोंडात श्वास पोचावा म्हणून. परकी बंदरं आपल्या नाविकांना मज्जाव करत होती तेव्हाही समुद्रावरचा माणूस आपल्यासाठी श्वास वाहून आणत होता. त्या खलाशांना, नौसैनिकांना, धक्क्यावर ते टँक उतरवून घेणाऱ्यांना तुझा अंगारा लाभू दे.

किनाऱ्यावरच्या हातांचीही आठवण ठेव. टगवरचे, पायलट-बोटीवरचे, क्रेन चालवणारे, कंटेनर बांधणारे, न्हावा-शेव्याहून पुणे-सोलापूरच्या रस्त्याला लागणारे ट्रेलरचालक. टाळेबंदीत ढाबे बंद, तेव्हा स्टोव्हवर भात शिजवून खाणारे. गोदीत काम करता करता कित्येकांना लागण झाली, कित्येक परतले नाहीत. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकापोरांची चूल विझू देऊ नकोस.

आणि घरी थांबलेल्यांची. मुलाला बोटीवर पाठवायचं म्हणून जमीन गहाण टाकून कोर्सची फी भरलेले आईबाप आमच्या जिल्ह्यातही आहेत. साथीत बोट मिळाली नाही, हप्ते थांबले नाहीत. काहींना नोकरीचं खोटं आमिष दाखवून लुबाडलं. नवरा बोटीवर आणि घरात सासूसासरे आजारी, अशा बाईनं दवाखाना, औषध, शाळेचा मोबाईल, सगळं एकटीनं निभावलं. तिच्यासाठी कुणी पणती लावली नाही. तिच्या घरात सुख नांदू दे. तिच्या नवऱ्याची साइन ऑफची तारीख पुढे जाऊ देऊ नकोस.

२०२१च्या जानेवारीत तुझी गड्ड्याची यात्राही नेहमीसारखी भरली नाही. नंदीध्वज नेहमीच्या थाटात, गर्दीतून निघाले नाहीत, अक्षता सोहळ्याला गाव लोटलं नाही. तू रागावला नाहीस. माणसाचा जीव राखण्यासाठी उत्सव मागे घेणं तुला मान्य झालं. मग माणसाचा जीव राखण्याच्या नावाखाली माणसालाच पाण्यावर सोडून देणं तुला कधी मान्य होईल?

म्हणून, हे सिद्धेश्वरा, राज्य करणाऱ्यांना सद्बुद्धी दे. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं ठराव केला, नाविकांना अत्यावश्यक कामगार माना. तोवर सरहद्दी बंद होऊन जवळजवळ नऊ महिने झाले होते. २०२२मध्ये सागरी कामगार करारात नवी कलमं आली: आजारी नाविकाला तातडीनं उतरवून घ्यायचं, बोटीवर वारला तर त्याचा देह घरी पोचवायचा, घरच्यांशी बोलायला इंटरनेटची सोय द्यायची. २०२४च्या डिसेंबरात ती लागू झाली. कुणाच्या तरी हालअपेष्टांची किंमत मोजून ही कलमं आली आहेत, त्यांना कागदावर निजू देऊ नकोस. पुढच्या साथीत लस येईल तेव्हा ती गोदीच्या दारात आधी पोचू दे. विमानं थांबतील तेव्हा नाविकांसाठी एक तरी विमान उडू दे. जहाजमालकाला वाचवलेल्या पैशापेक्षा दमलेल्या माणसाची काळजी अधिक वाटू दे, आणि माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला, सोलापूरच्या टॉवेलवाल्याला आणि डाळिंबवाल्यालासुद्धा, विचारावंसं वाटू दे: माझा माल नेणाऱ्या बोटीवरची माणसं वेळेवर घरी जातात ना?

आणि आम्हा साध्या माणसांना धीर दे. पुढची साथ येईल तेव्हा भीती आमच्याही उंबऱ्याशी येईल. त्या वेळी आमच्यातलं कुणी परक्यासाठी दार लावून घ्यायला निघालं, तर त्याचा हात धरायचं बळ आम्हाला दे. त्याला तपासू, वेगळं ठेवू, त्याच्या ताटात वाढू, पण त्याला बाहेर उभं ठेवणार नाही, एवढं बोलायची हिंमत दे. जिथे माल उतरेल तिथे माणूसही उतरेल, हा नियम जगातल्या प्रत्येक बंदरावर लागू होऊ दे, आणि तो मोडला गेला तर आवाज उठवणाऱ्यांत वालचंदांचं आणि कोटणिसांचं हे गाव असू दे. सिद्धरामा, हेच मागते. त्यांना उतरू दे.